थकबाकी मंजूर झाली, पण घरी पोहोचली का?

धाराशिव जिल्ह्यातील माजी सैनिक, निवृत्त लष्करी अधिकारी, त्यांच्या पत्नी आणि गावकरी मंडळींना जाहीर आवाहन



कॅप्टनपासून ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना चौथ्या वेतन आयोगानुसार सरकारने १९८६ पासून ‘रँक पे’ दिला आणि मूळ वेतन ठरवताना तेवढीच रक्कम कापूनही घेतली. मेजर धनपालन यांनी केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९९८ मध्ये ते जिंकले. बाकीच्यांसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाचा ४ सप्टेंबर २०१२ चा निकाल यावा लागला. तोवर कित्येकजण हयात नव्हते.

‘वन रँक वन पेन्शन’चीही तीच रखडपट्टी. २०१९ पासूनच्या वाढीची थकबाकी लांबत गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये तारखा बांधून दिल्या. शेवटची तारीख होती २८ फेब्रुवारी २०२४. तीही कधीच उलटून गेली.

म्हणून आता आपापले हिशेब तपासा. पेन्शनच्या ‘स्पर्श’ खात्यात हुद्दा, सेवेची वर्षे, बँक खाते आणि मोबाइल नंबर बरोबर आहेत का, ते पाहा. आधारवर एक नाव, डिस्चार्ज बुकात दुसरे आणि पत्नीचे नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये चढलेलेच नाही, अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. फौजी माणूस सीमेवर असताना ही नावे कोण तपासत बसणार?

सर्वांत जास्त काळजी एकट्या राहिलेल्या मावशी-आजींची वाटते. पती १ जुलै २०१९ नंतर वारले असतील, तर १ जुलै २०१९ पासून मृत्यूपर्यंतची वाढीव थकबाकी वारसांची आहे. ती आपोआप येईलच असे नाही, मागावी लागते. पीपीओ, मृत्यू दाखला, आधार आणि पासबुक घेऊन धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रँक पेचा प्रश्न असलेल्या अधिकाऱ्यांच्या घरच्यांनी पुण्याच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. लष्करी अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब तिथेच असतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

उमरगा-लोहाऱ्यापासून भूम-परंड्यापर्यंतच्या तरुणांनो, स्मार्टफोन तुमच्या हातात आहे. गल्लीतल्या एका तरी फौजी घराचे ‘स्पर्श’ खाते उघडून द्या, दरवर्षीचा हयातीचा दाखला वेळेत भरून द्या. तो चुकला की चालू पेन्शनही थांबते. आणि ‘थकबाकी काढून देतो’ म्हणत टक्केवारी किंवा ओटीपी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आपले,
जिल्ह्यातील काही माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय