मातेची शंका आणि मंजुरीचे दप्तर

तपासणीच्या दिवशी उपकेंद्रात आलेली गरोदर स्त्री धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी निःशंकपणे दंड पुढे करते, आणि त्याच स्त्रीने २०२१ साली कोविडची लस समोर येताच ‘पोटातल्या बाळाला काही होणार नाही ना, ताई?’ असे आशाताईला दोनदोनदा विचारले, एवढ्यावरून तिला अडाणी ठरविण्याचा जो मोह त्या काळी अनेक सुशिक्षितांना झाला, तो आम्हांला अन्यायाचा वाटतो. धनुर्वाताच्या लसीमागे तिच्या आईचा आणि सासूचा अनुभव उभा आहे. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेवाटे अर्भकाला पोचतात, आणि पाचवी पुजून होते न होते तोच दातखीळ बसवून तान्ह्या जिवाला नेणारा तो रोग या देशात सार्वजनिक संकट म्हणून उरला नसल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिला. कोविडच्या लसीमागे असे काय उभे होते?

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा गरोदर आणि स्तनदा मातांना वगळण्याचा हुकूम केंद्रीय आरोग्य खात्यानेच काढला होता, कारण त्यांचा चाचण्यांत समावेश झालेलाच नव्हता. आणि २ जुलैला त्याच खात्याने गरोदर स्त्रियांना लस खुली केली. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली. मुंबईच्या नायर रुग्णालयातील कोविडबाधित गरोदर व बाळंतीण स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत शेकडा ०.७ होते, ते दुसऱ्या लाटेत ५.७ वर गेले. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे जुलैचा निर्णय योग्यच होता, किंबहुना त्यास विलंब झाला, याविषयी शंका उरत नाही. परंतु जानेवारीतील ‘नको’ आणि जुलैतील ‘घ्या’ यांच्या दरम्यान कोणता पुरावा हाती आला, हे घरोघर जाऊन समजावण्याचे काम अखेर आशाताईच्या गळ्यात पडले. अमेरिकेत ३५,६९१ गरोदर स्त्रियांची पाहणी एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाली होती आणि तिच्यात भयावह असे काही आढळले नव्हते, हे खरे. पण ती फायझर व मॉडर्ना यांच्या लसींविषयी होती, आणि आमच्या केंद्रांवरील शीतपेट्यांत मुख्यतः कोविशील्ड व कोव्हॅक्सिन होत्या. त्यांतही कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला मंजुरी देताना तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे निष्कर्ष आलेले नव्हते. पुढे ते समाधानकारक निघाले, तरी मंजुरी आधी आणि पुरावा मागाहून, हा क्रम लोकांनी पाहिला होता.

गर्भवतीला चाचणीबाहेर ठेवण्याची ही रीत थॅलिडोमाइडच्या अनर्थातून रूढ झाली. १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेचे निर्धोक औषध म्हणून विक्रीस आलेले, आणि गरोदरपणातील मळमळीवर सर्रास घेतले गेलेले ते औषध १९६१ च्या नोव्हेंबरात मागे घेतले जाईपर्यंत हजारो बालके हातापायांनी अपूर्ण अशी जन्मास आली होती. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या अधिकारी महिलेने, कंपनीकडून वारंवार तगादा होत असतानाही, सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा दाखल झाल्याशिवाय मंजुरीवर सही करण्याचे नाकारले. या प्रकरणाचा बोध खरे पाहता असा की, जे औषध गर्भवती घेणार आहे त्याची पारख आधी झाली पाहिजे. जगाने घेतलेला बोध असा की, गर्भवतीला पारखीतूनच वगळावे. आमच्याकडील २०१९ च्या औषध-चाचणी नियमांतही, औषध गर्भवतीसाठी वा अर्भकासाठी असेल आणि इतर स्त्रियांवरील माहिती पुरेशी ठरणार नसेल, तरच तिला चाचणीत घ्यावे, असा दंडक आहे. सर्वांसाठीच असलेली लस या दंडकात बसत नाही, आणि मग जो प्रयोग मोजक्या स्त्रियांच्या संमतीने, वैद्यांच्या नजरेखाली व्हावयाचा, तो मंजुरीनंतर लक्षावधी स्त्रियांवर नकळत होतो.

याच्या उलट एक दाखला ताजा आहे. तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही विषाणूवर ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनी गरोदर स्त्रियांसाठी लस सिद्ध करीत होती. तिच्या चाचणीत लस घेतलेल्या मातांत अकाली प्रसूतीचे प्रमाण शेकडा ६.८ आणि न घेतलेल्यांत ४.९ आढळल्यामुळे २०२२ च्या फेब्रुवारीत ती चाचणी थांबविण्यात आली, पुढे संपूर्ण तपशील प्रसिद्धही झाला, आणि ती लस मातांसाठी बाजारात आली नाही. त्याच विषाणूवरील फायझरच्या लसीला अमेरिकेने २०२३ साली मंजुरी दिली, तीही गर्भारपणाच्या ३२ ते ३६ आठवड्यांपुरतीच. धोका दिसला तो माता चाचणीत होत्या म्हणून, आणि ज्यांनी त्यासाठी आपला दंड पुढे केला त्या स्त्रियांचे ऋण फार मोठे आहे.

मातांसाठी आणखी लसी येऊ घातल्या आहेत. २०१९ च्या नियमांतील तो दंडक बदलून, प्राण्यांवरील पूर्वतपासणी निर्वेध ठरताच गर्भवतींना स्वेच्छेने सहभागी होण्याची मुभा कायद्याने द्यावी. तज्ज्ञ समितीने कोणत्या कागदपत्रांवरून शिफारस केली आणि कोणत्या शंका तहकूब ठेवल्या, याचा खुलासा मंजुरीच्या दिवशीच मराठीसह सर्व भारतीय भाषांत जाहीर करावा. आणि लस घेतलेल्या प्रत्येक मातेच्या प्रसूतीची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावरून जिल्ह्याच्या दप्तरात रुजू होऊन तिचा गोषवारा दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध व्हावा, म्हणजे ‘बाळाला काही होणार नाही ना?’ या प्रश्नाला आशाताईपाशी आपल्याच जिल्ह्यातील बाळंतपणांचा हिशेब असेल.