पदवी एकच, मग गावचे कॉलेज दुय्यम का?

बारावीचा निकाल लागला की खानापूर-निपाणीकडील घराघरांत एकच सूर निघतो : गावच्या कॉलेजात काय ठेवले आहे, मुलांना विद्यापीठातच पाठवा. हा समज आम्हांस मान्य नाही. बेळगावात २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्याशी संलग्न ग्रामीण महाविद्यालयातून बी.ए. होणाऱ्याच्या पदवीवरही त्याच विद्यापीठाची मोहोर असते. मग उणे ते काय?

मोठे ग्रंथालय, सुसज्ज प्रयोगशाळा यांचे मोल आम्ही नाकारत नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुलांनी कोल्हापूर, धारवाड, पुणे अवश्य गाठावे. परंतु गावच्या वर्गात मराठी घेणारे विद्यार्थीच उरले नाहीत, तर तो विषय बंद पाडण्यास कोणत्याही सरकारी फतव्याची गरज नाही. रिकामे बाकच ते काम करतील. मग शहरात राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या घरातील मुलीपुढे दोनच वाटा उरतील : मराठी सोडणे किंवा शिक्षण सोडणे.

१ नोव्हेंबरला दरवर्षी आम्ही काळा दिन पाळतो. ती निष्ठा जूनमध्ये प्रवेशअर्ज भरताना कोठे जाते, हे आम्ही आधी स्वतःलाच विचारले पाहिजे.