‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी



शाळेतला कॉम्प्युटर काम करता करता मधेच आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला की आपण काय करतो? दोनदा वैतागतो, तिसऱ्यांदा दुकानात फोन लावतो. तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "सर, फॉरमॅट मारावा लागतो." माझं स्पष्ट मत आहे की या दुखण्यावर फॉरमॅट हा पहिला नाही, सगळ्यात शेवटचा उपाय आहे.

आमच्या उमरी तालुक्यातल्या शाळेत एकाच मशीनला आम्ही वर्षात दोनदा फॉरमॅट मारून घेतला. पहिल्याच वेळी डेस्कटॉपवर ठेवलेली निकालपत्रकं आणि स्नेहसंमेलनाचे फोटो गेले. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे एरवी सी ड्राइव्हमध्येच असतात, तो पुसला की तेही पुसलं जातं. (हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि मी एमएस-सीआयटी पास आहे!) एवढं करून आठ दिवसांत रिस्टार्ट पुन्हा सुरू.

मग सातवीच्या पोरांना एक वही दिली. कॉम्प्युटर रिस्टार्ट झाला की लिहायचं: किती वाजले, काय काम चालू होतं, ट्यूबलाईट लुकलुकली का. पंधरा दिवसांत वही बोलायला लागली. जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे ‘ट्यूब लुकलुकली’. म्हणजे व्होल्टेज क्षणभर पडत होतं. पण मग यूपीएस कशाला होता? यूपीएसला कॉम्प्युटरऐवजी टेबल लॅम्प लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. दिवा लगेच विझला. बॅटरी मेलेली! या छोट्या बॅटऱ्या साधारण दोन-तीन वर्षांत थकतात, आणि आपल्याकडच्या उन्हात त्याआधीही. आपण मात्र हिरवा दिवा बघून निश्चिंत असतो. नवी बॅटरी टाकली, विषय संपला. विंडोजचा यात काडीचा दोष नव्हता.

दर वेळी यूपीएसच असेल असं नाही. सोपी परीक्षा सांगतो. कॉम्प्युटर चालू होतानाच एफ2 किंवा डिलीट दाबून बायोसच्या पडद्यावर जा आणि तसाच तासभर राहू द्या. तिथेही रिस्टार्ट झाला तर विंडोज सुरूच झालेलं नाही, मग फॉरमॅट मारून काय मिळणार? दोष वीज, एसएमपीएस, उष्णता, रॅम नाहीतर मदरबोर्डमध्ये शोधा. मात्र तिथे टिकला म्हणून हार्डवेअर ठणठणीत असंही समजू नका, कारण बायोसमध्ये मशीनवर फारसा ताण नसतो.

एप्रिल-मेच्या दुपारी किंवा गेम, व्हिडिओ चालू असतानाच होत असेल तर आधी धूळ बघा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा अक्षरशः गालिचा बसतो. प्रोसेसर फार तापला की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतं. पालकांनो, "गेम खेळून खेळून बिघडवलास" म्हणत पोराच्या पाठीत धपाटा घालण्याआधी केबिनेट उघडून बघा. गेमने ताण वाढतो हे खरं, पण पंखा बुजला हा काही पोराचा गुन्हा नाही. साफ करताना वायर काढा, ब्रश कोरडा ठेवा, पंखा बोटाने धरा. आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो. हे पोरांना बजावून सांगा.

निळा पडदा येऊन लगेच जात असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढा. पडदा थांबेल, त्यावरचा कोड वहीत उतरवा. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे, त्याने रॅम तपासा. रॅम काढून पुन्हा नीट बसवल्यानेही कधी कधी काम भागतं. पण एका वेळी एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम केल्या तर कशाने बरं झालं ते कळतच नाही. विज्ञानाच्या तासाला आपण हेच शिकवतो की!

व्हायरस किंवा बिघडलेलं विंडोज हेही कारण असू शकतं, दुकानदार दर वेळी चुकीचा असतो असं मी म्हणत नाही. पण त्याच्याकडे मशीन देताना सोबत वही द्या, आणि त्याआधी डेस्कटॉपवरचं सगळं पेनड्राइव्हवर घ्या. आमची ती निकालपत्रकं मला नंतर हजेरीपट आणि उत्तरपत्रिका काढून पुन्हा भरावी लागली. दिवाळीची अर्धी सुट्टी त्यात गेली.