पट्टी रुग्णाच्या हातात द्या

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आहे. पिंपळीचे एक डॉक्टर वाचक कळवतात : चाळिशीतली बाई, वर्षभर अधूनमधून छातीत धडधड. एकदा पहाटे ठोके मोजता येईनात, तेव्हा घरच्यांनी थेट शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेले. शिरेतून इंजेक्शन दिले आणि धडधड जागच्या जागी थांबली. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘टॅकिकार्डिया, आता आराम’ एवढेच. ईसीजीची पट्टी नाही, इंजेक्शनचे नावही नाही. नवरा पट्टी मागायला गेला, तर फाइल रेकॉर्ड रूमला गेलेली. अर्ज केला, तर पेशंटला स्वतः आणा. तिला आणले, तर सही करणारे साहेब रजेवर. पुढे पुण्याला तज्ज्ञांकडे ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल आणि निदान ‘अँक्झायटी’. काटेवाडी, सणसर, भवानीनगरची पत्रेही थोड्याफार फरकाने हेच सांगतात.

अचानक सुरू होणारी, अचानक थांबणारी, गळ्यात ठोके जाणवणारी आणि नंतर भरपूर लघवी होणारी धडधड हा पीएसव्हीटीचा इतिहास आहे. त्यातही एव्हीएनआरटी बायकांत जास्त. झटका ओसरल्यावरचा ईसीजी बहुधा नॉर्मलच येणार. म्हणजे त्या पहाटेची पट्टी हेच निदान होते. ती पाहून तज्ज्ञांनी ईपी स्टडी आणि अ‍ॅब्लेशनचा विचार केला असता, आणि एव्हीएनआरटीत अ‍ॅब्लेशनने दहातले नऊहून अधिक रुग्ण कायमचे बरे होतात. ती फायलीत अडकली म्हणून बाईच्या वाट्याला अल्प्राझोलाम आले आणि घरात ‘हिला काही झालेले नाही’ हा शिक्का. हे आम्हाला संतापजनक वाटते.

रेकॉर्ड देणे ही मेहेरबानी नव्हे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या विनियमांतील कलम १.३.२ प्रमाणे रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावीच लागतात. २०२३ चे नवे विनियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. तेव्हा ‘नियम बदललाय’ ही सबब कोणत्याही अधीक्षकाने सांगू नये. दुसरे असे, की थर्मल कागदावरची पट्टी काही महिन्यांत फिकी पडते. अर्ज मंजूर होईतो फायलीत कोरा कागद उरायचा.

पण बोट नुसते शहराकडे दाखवून भागणार नाही. आपल्यापैकी किती जणांचे ईसीजी मशीन रोल संपला म्हणून कपाटात पडून आहे? नाडी पूर्ण मिनिट न मोजता प्रोप्रानोलॉल लिहून देणारे, आणि तेही दमेकऱ्याला, आपल्यातच आहेत. डेरिफायलिन आणि साल्ब्युटामॉल चालू असलेला रुग्ण धडधड सांगतो, तेव्हा आधी आपलीच चिठ्ठी वाचावी. थायरॉक्सिनचा डोस वर्षानुवर्षे टीएसएचशिवाय पुढे ढकलला जातो. हिमोग्लोबिन तर विसरूच नये : एनएफएचएस-५ नुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत.

गळीत हंगामात हे अधिक जपावे लागते. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती कारखान्यांच्या फडांवर बीडकडच्या टोळ्या उतरतात. पहाटेपासून तोड, पाणी कमी, मिश्री आणि चहावर दिवस. कोप्यांवरची बाई ‘जीव घाबरा होतो’ म्हणते, तेव्हा डिहायड्रेशन, रक्तक्षय, ताप, गर्भारपण ही सगळी कारणे एकाच देहात असू शकतात. बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चौकशी समितीपर्यंत गेला. अंडाशयही काढलेले असेल, तर तिशीतच रजोनिवृत्तीची धडधड सुरू होते. ऑपरेशन झाले का, कोणते झाले, हे विचारल्याशिवाय तिला सोडू नका. मिट्रल स्टेनोसिसचा मर्मर आणि अनियमित नाडी हुडकायलाही स्टेथोस्कोप आणि पाच मिनिटे पुरतात.

झटक्यात रुग्ण समोर आला, तर आधी बारा लीडची पट्टी, मग उपचार. बीपी ठीक आणि नॅरो कॉम्प्लेक्स नियमित असेल, तर सुधारित व्हल्साल्वा करा : दहा मिलीच्या सिरिंजमध्ये १५ सेकंद फुंकायला लावायचे, लगेच आडवे करून पाय ४५ अंशांवर १५ सेकंद धरायचे. २०१५ च्या रिव्हर्ट चाचणीत जुन्या पद्धतीने १७ टक्के, तर या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय जागेवर आली. त्या वेळी पट्टी चालूच ठेवा. लय तुटतानाचे ठोके तज्ज्ञाला फार काही सांगतात. वाइड आणि अनियमित असेल, तर व्हेरापामिलला हात लावू नका. चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, घरात तरुणाचा अचानक मृत्यू, यांपैकी काहीही असेल तर वेळ न दवडता पाठवा.

मित्रहो, आजच रोल आणा. प्रत्येक पट्टीवर नाव, तारीख, वेळ आणि त्या क्षणाची तक्रार लिहा. तिचा फोटो रुग्णाच्या मोबाइलमध्ये टाका आणि मूळ पट्टीची झेरॉक्स त्याच्या हातात द्या. ज्या रुग्णालयांनी पट्टी नाकारली, त्यांच्याकडे रुग्णाचा लेखी अर्ज तारखेची पोच घेऊन द्या. ७२ तास उलटले, तर त्या पोचेची प्रत आमच्याकडे पाठवा. अशा प्रती एकत्र करून आम्ही वैद्यक परिषदेकडे रीतसर तक्रार करू. सुटा अर्ज कपाटात पडून राहतो. तालुकाभरच्या डॉक्टरांनी सह्या केलेल्या तक्रारीला उत्तर द्यावेच लागेल.