पाट्या टाकायला लावणारी उद्दिष्टं

टार्गेट दिल्याशिवाय माणसं काम करत नाहीत, हे मत आपल्या कचेऱ्यांत इतकं मुरलंय की त्याला कुणी पुरावाही मागत नाही. खरं तर पुरावा आहे, आणि चांगला आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं हाच विषय लावून धरला. अमेरिकेत लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकचालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या जेमतेम ६० टक्के माल भरत. ‘होईल तेवढं भरा’ हे सांगणं थांबवून त्यांना ९४ टक्क्यांचं नेमकं उद्दिष्ट दिलं, तसे ट्रक ९० टक्क्यांच्या वर भरू लागले. जादा पगार नाही, बढती नाही. नुसता एक आकडा. उद्दिष्टवाद्यांचा हा पूर्वपक्ष मला मान्य आहे.

माझा वाद पुढे सुरू होतो. ट्रक म्हणजे काय, भरायचा कसा आणि भरला हे कधी म्हणायचं, हे त्या चालकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्या कामात नेमकं हेच ठाऊक नसतं, तिथे काय होतं? मेणबत्ती, खोकाभर टाचण्या आणि काड्यापेटी देऊन मेणबत्ती भिंतीवर लावायला सांगायची, असं कार्ल डुंकरचं एक जुनं कोडं आहे. खोकं रिकामं करून त्याचाच फळीसारखा वापर करायचा, ही त्यातली मेख. सॅम ग्लक्सबर्गने १९६२ साली हे कोडं काहींना बक्षिसाचं आमिष दाखवून घातलं आणि काहींना आमिषाशिवाय. आमिषवाल्यांना जास्त वेळ लागला. टाचण्या आधीच खोक्याबाहेर काढून ठेवल्या, म्हणजे उत्तर जवळजवळ हातात दिलं, तेव्हा मात्र आमिषवाले पुढे गेले. आपल्याकडचं उद्दिष्ट वार्षिक अप्रेझलला आणि पगारवाढीला बांधलेलं असतं, तेव्हा ते आमिषच झालं. वाट माहीत असेल तर ते पाय उचलायला लावतं. वाट शोधायची असेल तर डोळ्यांना झापडं लावतं.

बरं, शोधाची गोष्टही सोडा. साध्या कामातही आकडा गळ्यात पडला की माणूस काम सोडून आकड्याची सोय बघतो. जनधन योजनेत शून्य शिल्लक असलेल्या खात्यांची संख्या कमी दिसायला हवी, असा दबाव आला. तेव्हा काही बँकांतल्या कर्मचाऱ्यांनी अशा खात्यांत स्वतःच एकेक रुपया भरला. २०१६ साली एका वर्तमानपत्राने हे उघड केलं. त्या कर्मचाऱ्यांना लबाड म्हणणं सोपं आहे. मला त्यांच्यात कल्पकताच दिसते, फक्त ती भलत्या जागी खर्च झालेली! मार्चअखेरीला कुठल्याही कचेरीत अशी कल्पकता ओसंडून वाहत असते.

योग्य जागी ती कशी उतरते, याचं थ्री-एम या अमेरिकी कंपनीचं उदाहरण गुळगुळीत झालंय. तरी त्याचा उत्तरार्ध फारसा कुणी सांगत नाही. तिथे संशोधकांना १५ टक्के वेळ स्वतःच्या मनातल्या कामाला वापरता येई. १९६८ साली स्पेन्सर सिल्व्हरला मजबूत गोंद हवा होता, मिळाला कच्चा. चिकटतो आणि सहज सुटतो असा. तिमाही आढाव्यात त्याची नोंद ‘अपयश’ अशीच झाली असती. त्याच कंपनीतला आर्ट फ्राय चर्चच्या गायनवृंदात गायचा. भजनांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या निसटतात, म्हणून १९७४ साली त्याला तो गोंद आठवला. पोस्ट-इट अमेरिकाभर विकायला आलं ते १९८० साली. म्हणजे मधे बारा वर्षं.

उत्तरार्ध असा: २००१ साली जनरल इलेक्ट्रिकमधून प्रमुख म्हणून आलेल्या जेम्स मॅकनर्नीने थ्री-एममध्ये ‘सिक्स सिग्मा’ आणलं. कारखान्यातल्या चुका शोधण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, खर्चही आटोक्यात आला. पण ती प्रयोगशाळेतही शिरली, आणि संशोधकाला पहिल्याच पायरीवर बाजारपेठेचा हिशेब द्यावा लागू लागला. नव्या उत्पादनांचा विक्रीतला वाटा घटला. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज बकलीने संशोधकांवरचा हा फास सैल केला.

कुणी म्हणेल, नव्या उत्पादनांचा वाटा मोजणं हेही उद्दिष्टच की! आहेच. पण तो आकडा कंपनीच्या तिजोरीला लावलेला होता, सिल्व्हरच्या सोमवारच्या मीटिंगला नाही. आकडा कुणाच्या मानेवर ठेवला आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

दुसरा आक्षेप आळसाचा. मोकळीक दिली तर चार जण चहाच्या टपरीवरच बसतील. बसतील ना. आज ते स्क्रीनसमोर बसून पाट्या टाकतात, आणि त्याची टाइमशीट चोख भरलेली असते. दोन्हीतलं कोणतं महाग पडतं, हा हिशेब एकदा मांडून बघावा.

मात्र एका भलत्या साथीदारापासून मला लांब राहायचंय. ‘फळाची अपेक्षा धरू नका’ असं गीतेच्या नावाने कर्मचाऱ्यांना सुनावणारे साहेब स्वतःचा बोनस सोडत नाहीत. उद्दिष्ट सैल करा म्हणजे पगारवाढ गाळा, असा अर्थ कुणी काढणार असेल तर ती टार्गेटशाही परवडली.

कचेरीतली ही खोड घरात येते, तेव्हा तिचं काय करायचं? मूल गाणं शिकतं म्हटलं की पहिला प्रश्न, “परीक्षा किती झाल्या?” प्रवेशिका, मध्यमा, विशारद. चित्र काढतं म्हटलं की एलिमेंटरी, इंटरमिजिएट, आणि त्याचे दहावीला मिळणारे वाढीव गुण. परीक्षांना माझा विरोध नाही. त्यामुळे हात तयार होतो. पण परीक्षेच्या रागाबाहेर मूल काही गुणगुणत असेल आणि आपण “आधी पोर्शन पूर्ण कर” म्हणत असू, तर हेच मूल पंचवीस वर्षांनी नोकरीत ‘चौकटीबाहेरचा विचार’ कुठून करणार? मग कंपनी त्यासाठी रिसॉर्टवर दोन दिवसांची कार्यशाळा भरवते, आणि शेवटी प्रत्येकाकडून किमान पाच नव्या कल्पना लिहून घेते.

त्यापेक्षा साहेबांनी एक स्वस्त गोष्ट करावी. आठवड्यातली एक दुपार द्यावी, तिचा अहवाल मागू नये, आणि वरून विचारणा झाली तर उत्तर स्वतः द्यावं. यातलं तिसरं कलम सर्वांत अवघड आहे. म्हणूनच बहुतेक ठिकाणी पहिल्या दोनांची पत्रकं निघतात आणि चौथ्या आठवड्यात त्या दुपारी रिव्ह्यू मीटिंग लागते.