खांडसची वाट, नागफणीचा कडा

भीमाशंकरला जाणारे दोन प्रकारचे. पुण्याहून घोडेगावमार्गे गाडीने जाणारे थेट डोंगरमाथ्यावर पोहोचतात आणि देवळासाठी पायऱ्या उतरतात. दुसरे कर्जतहून खांडसला येतात आणि देवासाठी अडीच-तीन हजार फूट चढतात. दर्शन दोघांनाही सारखेच घडते. डोंगर मात्र दुसऱ्यांच्याच वाट्याला येतो!

खांडसच्या पुढे वाटेला दोन फाटे फुटतात. एक शिडीघाटाचा. ही वाट जवळची. पण उभ्या कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आणि निसरडा कातळ तिच्यावर आहे. तरुण मंडळींना तिचे भारी आकर्षण. पावसाळ्यात तिथे अपघात होतात आणि कित्येकदा प्रशासनाला मनाई करावी लागते. दुसरा फाटा गणेशघाटाचा. तो लांबचा, पदरगडाला वळसा घालून जाणारा, वाटेत गणपतीचे छोटे देऊळ असलेला. बरोबर मुले असतील, वहिनी-मावशी असतील, तर हाच धरावा. "आम्ही शिडीघाटाने गेलो" ही बढाई घरी परतल्यावरच शोभते, आणि परतायचे तर आहेच!

पदरवाडीच्या पठारावर दोन्ही वाटा एकत्र येतात. इथे जरा टेकावे, शिदोरी सोडावी. कारण पुढचा चढच खरा दम काढतो आणि खरे जंगलही तिथूनच सुरू होते. अंजन, जांभूळ, हिरडा, आंबा यांची अशी दाटी, की भर दुपारी अंगावर सावली असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पिणारे हे रान १९८५ साली अभयारण्य झाले. पण त्याच्याही कितीतरी आधीपासून देवराई म्हणून ते राखले गेले होते. देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, एवढ्या एका धाकावर पिढ्यान्‌पिढ्या झाडे उभी राहिली. इथल्या महादेव कोळ्यांच्या संसाराला हिरड्याचा मोठा आधार. झाड न तोडता फळ वेचायचे, हा त्यांचा व्यवहार.

या चढावर बोलणे थोडे कमी करावे आणि मान वर ठेवावी. फांद्यांत खसखस झाली, की समजावे, शेकरू आहे. पाठीला तांबूस-किरमिजी, पोटाला फिकट, आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपटी. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस-वीस फुटांची झेप घेतो. म्हणूनच झाडांची सलग दाटी ही त्याची चैन नसून गरज आहे. मध्येच रान तुटले, की त्याचा रस्ताच तुटला. फांद्यांत काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतात, ती त्याची घरटी. एकाच शेकराची अशी अनेक असतात.

गणेशघाटाने देवळापर्यंत पाच-सहा तास धरावेत. दर्शन झाले की बहुतेकजण थकून तिथेच बसतात आणि नागफणी राहून जाते. तसे करू नये. हनुमान तळ्याकडून रानातून पाऊण-एक तासात या टोकावर जाता येते. झाडी एकाएकी संपते आणि पायाखाली कोकण उघडते. सकाळी ज्याला वळसा घातला तो पदरगड आता खाली दिसतो. पलीकडे पेठच्या किल्ल्याचा सुळका. कड्याच्या अलीकडे पडलेला पाऊस भीमेला मिळून पंढरपूरवरून बंगालच्या उपसागराकडे निघतो; पलीकडे पडलेला अरबी समुद्राची वाट धरतो. कड्याला कठडा नाही आणि वारा भणाण असतो. मुलांचा हात सोडू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. खांडसहून उजाडताच निघावे, माणशी दोन-तीन लिटर पाणी घ्यावे, वाटाड्या म्हणून गावातला माणूस घ्यावा. त्यालाही चार पैसे मिळतात. वेफर्सची रिकामी पाकिटे पिशवीत परत आणावीत. माकडे ती हुंगत बसलेली पाहवत नाहीत.

आणि उतरायचे कसे? त्याच दिवशी खांडसला परतण्याचा अट्टहास करू नये. दुपार कलली, की त्या रानात संध्याकाळ फार लवकर होते. त्यापेक्षा देवळाशी येऊन एसटीने पुण्याकडे निघावे. खिडकीशी जागा मिळाली तर पाय लांब करावेत. मुले मंचरच्या आधीच झोपी जातात.