पोपटी मिळाली, भांबुर्डा नाही

जानेवारीत भाचीचा पहिला पगार झाला. तिला आम्हाला जेवायला न्यायचं होतं, तेही मुंबईत, ‘मॉडर्न इंडियन’ म्हणवणाऱ्या एका हॉटेलात. रविवारी सकाळी आई, बहीण, भाची आणि मी निडीहून दिव्याची गाडी धरली. निडी म्हणजे पनवेल-रोहा मार्गावरचं, नागोठणे आणि रोह्याच्या मधलं छोटं स्टेशन. एक्स्प्रेसने जाणाऱ्यांना ते दिसतही नाही.

हॉटेल देखणं होतं. मेनू एखाद्या पुस्तकासारखा. प्रत्येक पदार्थाखाली तो कुठल्या प्रांतातला, कुठल्या समाजातला, याच्या दोन-दोन ओळी. वेटर मुलगा अत्यंत अदबशीर. त्याने आईच्या डोक्यावरची ओढणी पाहिली, भाचीने बुकिंगला दिलेलं नाव त्याच्या हातातल्या यादीत होतंच. हसून म्हणाला, “मॅडम, आमची दम बिर्याणी नक्की घ्या. कबाबही छान आहेत.”

आई म्हणाली, “बिर्याणी तं लग्नात खातूच. भाकरी नाय का यांच्याकडं?”

आम्ही हसलो, तोही हसला. त्याने वाईट काहीच केलं नव्हतं, उलट पाहुण्यांचं मन राखायला गेला होता. पण त्याच्या डोक्यातल्या नकाशावर मुसलमान लखनऊला होता, हैदराबादला होता. रोहा तालुक्यात नव्हता.

मेनूच्या कोकणाच्या पानावर मात्र पोपटी होती. भाचीने उत्साहाने मागवली. वीतभर मडकं आलं. झाकण काढलं तर आत धूर कोंडलेला, कोंबडीचे दोन-तीन तुकडे, अर्धा उकडलेला बटाटा, चार वालाच्या शेंगा. आईने आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “भांबुर्डा कुठाय?”

वेटरला तो शब्दच माहीत नव्हता. आत जाऊन विचारून आला. आत कुणालाही माहीत नव्हता.

ज्यांना पोपटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोहा, पेण, अलिबाग या पट्ट्यात भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल करतात. थंडीत शेंगा भरल्या की पोपटी लावायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला. बांधावर आपोआप उगवणारी ही उग्र वासाची रानवनस्पती आहे. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, रताळी. पुन्हा शेंगा, आणि तोंड पाल्यानेच गच्च बंद. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवायच्या. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. झाली की नाही ते पाहायला तापल्या मडक्यावर पाणी शिंपडतात आणि आवाज ऐकतात. शेंगा शिजतात त्यांच्या अंगच्या पाण्यावर आणि त्या पाल्याच्या वाफेवर. भांबुर्डा काढला तर उरते ती भाजलेली कोंबडी.

ही पोपटी आगरी लावतात, कुणबी लावतात, आम्हीही लावतो. फरक एवढाच की आमच्या मडक्यातली कोंबडी हलाल असते. शेजाऱ्यांबरोबर एकत्र पोपटी असली की कोंबडी आमच्याकडून जाते आणि वाल त्यांच्याकडून येतात. त्यावर आजवर आमच्या वाडीत कुणी चर्चासत्र भरवलेलं नाही.

हॉटेलात मात्र हलालचा प्रश्न विचारताना माझ्या बहिणीचा आवाज खाली गेला. वेटर आत जाऊन आला आणि तोही तितक्याच हळू “येस मॅम” म्हणाला. त्याच वेळी शेजारच्या टेबलावरचं कुटुंब खणखणीत आवाजात “जैन काय काय आहे?” विचारत होतं, आणि त्यांच्यासाठी मेनूत वेगळं पान तयार होतं. त्यांचा मला अजिबात राग नाही. आपल्या ताटात काय आहे हे विचारणं हा जेवणाऱ्याचा हक्क आहे. कांदा-लसूण नको, शेंगदाणे सोसत नाहीत, गव्हाचं चालत नाही, हे सगळं आता मोकळेपणाने विचारलं जातं. मग आमचाच प्रश्न कुजबुजीत का?

कारण आपल्याला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या खाद्यपदार्थांच्या उत्पादनावर, साठवणुकीवर आणि विक्रीवर बंदी घातली. निर्यातीचा माल तेवढा वगळला. जुलै २०२४मध्ये कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यविक्रेत्यांना मालकाचं नाव पाटीवर लावायला सांगण्यात आलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणतं अन्न विकता ते सांगा, नाव सांगण्याची सक्ती नाही, असा त्याचा अर्थ होता. या बातम्या निडीच्या स्टेशनवरही पोहोचतात. बहिणीचा आवाज खाली जाण्यामागे त्या आहेत.

इथे एक गंमत दिसते, कडू गंमत. एका ठिकाणी अन्नाशी जोडलेलं नाव गिऱ्हाइकाने दूर राहावं म्हणून मागितलं जातं. दुसऱ्या ठिकाणी, या नव्या हॉटेलांत, अन्नाशी जोडलेलं गावाचं, समाजाचं नाव ही अभिमानाची गोष्ट आहे आणि त्यावर पदार्थाची किंमत ठरते. म्हणून मी या हॉटेलांची टिंगल करणार नाही. मडक्याचा भाव ऐकून आई म्हणाली, “येवढ्यात आख्खी वाडी जेवंल.” खरं आहे ते. पण तेवढं बोलून विषय संपत नाही.

या हॉटेलांनी एक मोलाचं काम केलंय. एक काळ असा होता की बाहेर जेवायचं म्हणजे पंजाबी नाही तर मुघलाई, उडपी नाही तर चायनीज. घरात जे शिजतं ते हॉटेलच्या लायकीचं नाही, हा समज पक्का होता. तो मोडणाऱ्यांत फ्लॉइड कार्डोझ यांचं नाव महत्त्वाचं आहे. मुंबईत वाढलेला, मूळ गोव्याचा हा माणूस. १९९८मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या ‘तबला’ या हॉटेलात त्यांनी भारतीय मसाल्यांना तिथल्या उंची टेबलावर नेलं. २०११मध्ये ‘टॉप शेफ मास्टर्स’ ही स्पर्धा त्यांनी जिंकली, तीही उपम्याच्या जोरावर. आपल्याकडे घाईच्या सकाळी करतात तो उपमा! २०१५मध्ये त्यांच्या सहभागाने लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात ‘द बॉम्बे कँटीन’ उभं राहिलं. आम्ही जेवलो ते हॉटेल वेगळं, हे इथेच सांगून ठेवतो. निरनिराळ्या प्रांतांचे पदार्थ आणि हंगामी, स्थानिक भाज्या हा ‘कँटीन’चा पाया. २०१७मध्ये त्याच मंडळींनी वांद्रे-कुर्ला संकुलात गोव्याच्या जेवणाचं ‘ओ पेद्रो’ काढलं. मार्च २०२०मध्ये कोरोनाने कार्डोझ गेले. पण गोव्याचं जेवण म्हणजे काय, ते कुणाच्या घरातलं, हे सांगायला त्या घरातलाच माणूस मुदपाकखान्यात होता, ही बाब मला फार मोलाची वाटते.

आता ती जागा पाहा. गिरणीचं आवार. याच गिरणगावात कोकणातून आलेले हजारो कामगार खानावळीत जेवायचे. खानावळी चालवणाऱ्या बायका दहा बाय दहाच्या खोलीत दोन वेळा चूल पेटवायच्या. त्यांच्या हातचं जेवण ‘प्रादेशिक’ नव्हतं, ते नुसतंच जेवण होतं. त्यांच्या नावाची पाटी कुठे लागली नाही. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा कुठे या कामाला काम म्हटलं गेलं. त्यामुळे आज त्याच जमिनीवर कोकणातलं कालवण किमती वाटीत येतं, तेव्हा मला एकच विचारावंसं वाटतं. हे ज्या बाईच्या हातचं, तिचं नाव कुठे आहे? तिला काय मिळालं?

हा प्रश्न हॉटेलवाल्यांना विचारला, तसाच तो स्वतःलाही विचारला पाहिजे. कारण आपलं स्वयंपाकघर आधी आपणच लपवलंय.

कोकणी मुसलमान शाफई आहेत. उत्तरेतले बहुसंख्य मुसलमान हनफी. अरबी समुद्रावरच्या व्यापाराने आणलेला हा वारसा आहे. समुद्रातल्या जिवांबाबत आपल्याकडे मोकळीक अधिक. कोळंबी खावी की नाही यावर हनफी उलेमांमध्ये चर्चा होते, आपल्या घरात ती चर्चा होईपर्यंत कोळंबी संपलेली असते. तांदळाची भाकरी, आमसुलाचा आंबटपणा, नारळाचं दूध, सुका जवळा, मटणाच्या रश्शाबरोबर वाफाळतं सांदण. आपल्यातले कितीतरी लोक जहाजांवर गेले, त्यात भंडारी म्हणून स्वयंपाक करणारेही होते. साता समुद्रापार लोकांना जेवू घालून आले. पण घरच्या लग्नात पाहुण्यांपुढे काय ठेवतो? बिर्याणी, आणि अलीकडे चायनीजचा स्टॉल. सांदण घातलं तर लोक काय म्हणतील! आखाती पैसा आला, घरं बांधली गेली आणि जुनं जेवण मागच्या पडवीत गेलं. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठण्यापासून कोलाडपर्यंत जा. मालवणी, आगरी-कोळी, शुद्ध शाकाहारी, मुघलाई अशा पाट्या दिसतील. ‘कोकणी मुस्लिम जेवण’ अशी पाटी मी या रस्त्यावर अजून पाहिलेली नाही. मुघलाईच्या पाटीमागे मालक कोकणी असतो आणि गल्ल्यावर बसून दुपारी स्वतः घरून आलेली भाकरी खातो!

मग त्या वेटरला दोष कसा देऊ? आपण जे कधी दाखवलं नाही, ते त्याने पाहावं कुठून?

‘मुसलमान म्हणजे बिर्याणी’ हे समीकरण वरवर प्रेमळ वाटतं. बिर्याणी कुणाला आवडत नाही? पण त्यात एक वाक्य दडलेलं असतं. तुम्ही इथले नाही, कुठून तरी आलात, येताना हे आणलंत. त्याला उत्तर द्यायला इतिहासाचे दाखले लागतात, आणि ते दाखले ऐकायला सध्या कुणाला सवड नाही. पण भांबुर्डा कुठाय, हा प्रश्न पुरेसा आहे. हा पाला लखनऊहून येत नाही. तो आमच्या बांधावर उगवतो, आणि तो ओळखणारी बाई याच मातीतली असते. माझ्या आईने त्या हॉटेलात न ठरवता स्वतःचा पत्ताच सांगितला होता.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नव्या हॉटेलांनी कोकणाच्या पानावर आम्हाला जागा द्यावी. तीही अर्धवट नको, पाल्यासकट द्यावी, आणि ज्यांच्याकडून शिकलात त्यांना नाव आणि दाम दोन्ही द्यावं. हलालची माहिती जैन पानासारखी छापून द्यावी. आम्ही ती चोरासारखी विचारू नये आणि तुम्ही चोरासारखी सांगू नये. आणि आपण आपल्या लग्नात एका कोपऱ्यात का होईना, सांदण आणि रस्सा ठेवावा. आई, खाला, भाभी यांच्याकडून पदार्थ लिहून घ्यावेत. मूठभर, चिमूटभर हे त्यांचं माप त्यांच्याच समोर बसून समजून घ्यावं. ती माणसं आहेत तोवरच हे होणार आहे.

निघताना आईने त्या वेटर मुलाला जवळ बोलावलं. त्याचं गाव विचारलं. तो बिहारचा निघाला. “थंडीत ये निडीला,” ती म्हणाली, “पोपटी दाखवते.” त्याने खिशातून ऑर्डर लिहायची वही काढली आणि भांबुर्डा हा शब्द लिहून घेतला. स्पेलिंग भाचीने सांगितलं.

परतीच्या गाडीत नागोठणं सोडलं तेव्हा अंधार पडला होता. रुळांपलीकडे शेतात दोन ठिकाणी जाळ दिसत होता. आई खिडकीशी सरकली आणि म्हणाली, “कुणाची तरी लागली बघ.”